किंमत न लिहिलेलं घर आणि पंचवीस टक्क्यांचा फॉर्म्युला

घर शोधणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. विकायला काढलेल्या घराच्या जाहिरातीत किंमत दिलेली नसेल, तर म्हणे मालक अडलेला असतो, नाहीतर घरात काहीतरी खोट असते. अशा वेळी पहिला आकडा आपण बोलायचा नाही, एजंटच्या तोंडून काढून घ्यायचा. तो जे सांगेल त्यातून डोळे झाकून पंचवीस टक्के कापायचे. मालकाने घर कितीला घेतलं होतं ते शोधायचं आणि त्यावर थोडा नफा द्यायचा. एजंटला आपलं खरं बजेट सांगून विश्वासात घ्यायचं. आणि बंद लिफाफ्यात ऑफर मागितलीच, तर शेवटी एखादा विषम, म्हणजे गोल नसलेला, आकडा टाकायचा, की काम फत्ते.

यातला एखाददुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. पण तो वाचणाऱ्याचं सगळं लक्ष समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखण्यात अडकतं. घर केवढ्याचं आहे, हा प्रश्न सहा मुद्द्यांत एकदाही येत नाही. जाहिरातीत किंमत नसते तेव्हा ती काढायचं काम खरेदीदारावर आलेलं असतं, आणि हा सल्ला नेमकं तेच काम टाळायला शिकवतो. मुद्दे एकेक करून घेऊ.

«किंमत नाही, म्हणजे मालक अडलेला किंवा घरात खोट»

ज्याला खरोखर घाई असते तो आकडा पाडतो आणि ठळक छापतो. किंमत नसलेली जाहिरात बरेच लोक बघून पुढे जातात, हे त्यालाही कळतं. मग किंमत का नसते? कधी मालकाचं आणि एजंटचं आकड्यावर जमलेलं नसतं. कधी घराचे वारस तीन असतात आणि तिघांच्या डोक्यात तीन आकडे. कधी घरच इतकं वेगळं असतं की आसपास तुलनेला काही सापडत नाही. बाजार चढा असला तर छापलेला आकडा हेच आपलं छप्पर होईल अशी मालकाला भीती वाटते. आणि पुष्कळदा एजंटला फक्त फोन यायला हवे असतात. तुम्हाला हे घर नाही आवडलं तरी तुमचा नंबर त्याच्याकडे जमा होतो.

काही ठिकाणी तर हा कायद्याचा भाग आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात घर लिलावाने विकायचं असेल तर एजंटला किमतीचा अंदाज सांगायला मनाई आहे. तिथे «एजंट लपवतोय» म्हणून संशय घेण्यात काही अर्थ नाही, तो नियम पाळतोय. त्याच देशातल्या व्हिक्टोरियात उलटी तऱ्हा आहे. १ मे २०१७ पासून एजंटला घराची अंदाजे किंमत, जवळच्या तुलनायोग्य विक्री आणि त्या भागातली मध्यम किंमत (निम्म्या विक्री जिच्या वर, निम्म्या खाली) असं निवेदन द्यावं लागतं, आणि किंमत पट्ट्यात दिली तर तो पट्टा १० टक्क्यांहून रुंद चालत नाही. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरं विकायला काढताना सर्व्हेयरचा अहवाल द्यावा लागतो आणि त्यात मूल्यांकनही असतं. जाहिरातीत नुसतं «अमुकच्या वर ऑफर» असलं, तरी खरेदीदाराच्या हातात एक त्रयस्थ आकडा असतो.

तेव्हा आधी आपल्या भागात एजंटने काय सांगणं बंधनकारक आहे ते बघावं आणि ते मागून घ्यावं. खोट असेलच तर ती कागदपत्रांत आणि भिंतींत सापडेल. जाहिरातीतल्या रिकाम्या जागेकडे बघून ती ओळखता येत नाही.

«पहिला आकडा बोलला तो हरला»

सगळ्यात आत्मविश्वासाने सांगितला जाणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हाच. इथे जरा थांबावं लागेल.

माणसाच्या अंदाजावर पहिल्या आकड्याचा केवढा पगडा बसतो, हे १९७४ साली ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी सायन्स या नियतकालिकातल्या लेखात दाखवलं. एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं बनवलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांच्यासमोर १० आला त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ निघाला, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता.

घरांच्या बाबतीत तसाच प्रयोग नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी अमेरिकेतल्या टुसॉन शहरात केला, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. घर एकच, ते प्रत्यक्ष फिरून दाखवलेलं, माहितीची पुस्तिकाही तीच. बदललेली होती फक्त त्यात छापलेली मागणी किंमत. ज्यांनी जास्त किंमत वाचली त्यांनी घराचं मोलही जास्त केलं. विद्यार्थ्यांनी केलंच, पण ज्यांचा हा रोजचा धंदा त्या एजंटांनीही केलं. एजंटांनी मात्र त्या छापील किमतीचा आपल्यावर परिणाम झाल्याचं फारसं कबूल केलं नाही.

छापलेली किंमत हा खुंटा असतो. नंतरची सगळी घासाघीस त्याच्याभोवती फिरते. किंमत न छापणाऱ्या मालकाने तो खुंटा स्वतःहून ठोकलेला नसतो. मग तो ठोकायची संधी कोणाला? जो आधी, कारणासह आणि लेखी आकडा देईल त्याला. गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांच्या २००१ च्या प्रयोगांतही पहिली ऑफर देणाऱ्याच्या बाजूला शेवटचा आकडा झुकलेला दिसला. त्याच प्रयोगांत तोडही दिसली. ज्याला ऑफर मिळाली त्याने आपल्या स्वतःच्या लक्ष्यावर किंवा समोरच्याकडे दुसरे पर्याय कोणते आहेत यावर लक्ष ठेवलं, तर तो पगडा विरून गेला.

उलट, फॉर्म्युला सांगतो तसं एजंटला बोलायला लावलं की काय होतं ते बघा. इथून पुढचे आकडे कोणत्याही चलनातले समजा. त्याच भागातलं एक सारखं घर १०० ला विकलं गेलं असं धरू.

«मालकांची अपेक्षा काय आहे?»

«अहो, घर तुम्ही बघितलंत, तुम्हीच सांगा.»

«तरी साधारण?»

«चांगली ऑफर आली तर मालक विचार करतील.»

«चांगली म्हणजे?»

«आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, मागे एकांनी १३५ म्हटलं होतं. मालक तयार झाले नाहीत.»

खरेदीदाराला वाटतं, जिंकलो, आकडा काढून घेतला. प्रत्यक्षात एजंटने एक जबाबदारी नसलेला आकडा हवेत सोडलाय. ते «एक» कोण, त्यांनी लेखी काय दिलं, कर्जाची तयारी होती का, यातलं काही कळायचा मार्ग नाही. पण १३५ डोक्यात जाऊन बसला. या क्षणापासून ११५ हा आकडा स्वस्त वाटू लागतो.

आता अर्धं खरं. पहिला आकडा बोलण्यात धोका आहेच. सॅम्युअलसन आणि बेझरमन यांनी १९८५ मध्ये मांडलेलं एक कोडं त्यासाठी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. एक कंपनी विकायची आहे. तिची खरी किंमत ० ते १०० मधली कोणतीही असू शकते आणि ती फक्त विकणाऱ्याला माहीत आहे. तुमच्या हातात आली की ती दीडपट मोलाची होते. किती ऑफर द्याल? बहुतेक लोक ५० ते ७५ च्या दरम्यान देतात. आता ६० दिले आणि तो «हो» म्हणाला असं समजा. हो म्हणाला, याचाच अर्थ खरी किंमत ६० च्या आत, सरासरी ३०. दीडपट केली तर ४५. गेले ६०, आले ४५. कोणताही आकडा टाका, सरासरीने तोटाच होतो. ज्याला वस्तूची काहीच माहिती नाही त्याने बोलूच नये, असा त्या कोड्याचा निकाल आहे.

घराच्या बाबतीत मात्र खरेदीदार इतका आंधळा नसतो. आसपासच्या विक्रीचे आकडे, तज्ज्ञाची तपासणी, बँकेचं मूल्यांकन ही माहिती मिळू शकते. ती मिळवली असेल तर आधी बोला. मिळवली नसेल तर पहिलाही बोलू नका आणि दुसराही. एजंटने आधी आकडा सांगितला म्हणून तुमचं अज्ञान कमी होत नाही.

«जे सांगेल त्यातून पंचवीस टक्के कापा, फार तर नाही म्हणतील»

आता वरच्याच फोनचा हिशेब करा. १३५ मधून पंचवीस टक्के गेले की राहिले १०१ आणि थोडं वर. हे घर कितीचं आहे ते अजून आपण काढलेलंच नाही, तर काढू.

गेल्या वर्षभरात त्या भागात साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाची तीन घरं विकली गेली असं समजा: ९६, १०० आणि १०८. हे आकडे प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे हवेत, जाहिरातीतले नकोत. मागणीच्या आकड्यांची तुलना मागणीच्या आकड्यांशी केली तर हातात येते ती विकणाऱ्यांची स्वप्नं. आता एकेक घर जवळून बघायचं. ९६ ला गेलेल्या घरात ओल होती. १०८ वाल्याचं नुकतंच पूर्ण काम झालेलं आणि गाडीची हक्काची जागा. १०० वालं आपल्या घराच्या सगळ्यात जवळचं, पण त्याची विक्री सगळ्यात जुनी, आणि तेव्हापासून भाव जरा चढलेत, म्हणून ते १०१ धरा. आपल्या घराला गाडीची जागा नाही, ओलही नाही. वायरिंग आणि बाथरूमचे पाइप मात्र बदलावे लागणार आहेत, त्या कामाचा अंदाज कारागिराकडून घेतला तर तो ५ येतो. म्हणजे हे घर आज ९५ ते ९७ चं. तुम्हाला ते मनापासून आवडलंय, म्हणून आणखी थोडं ताणून आपली मर्यादा ९९ ठरवा आणि एजंटला फोन करायच्या आधी कागदावर लिहून ठेवा.

आता फॉर्म्युल्याचा १०१ पुन्हा बघा. एक पै घासाघीस व्हायच्या आधीच तो तुमच्या मर्यादेच्या वर गेलाय, आणि वर तुम्ही चौतीस वाचवल्याच्या आनंदात आहात. उलट बाजूही बघा. एखाद्या सरळ एजंटने खरंखरं सांगितलं की मालकांना १०० हवेत. फॉर्म्युला म्हणतो ७५ द्या. म्हणजे ज्याने फुगवून सांगितलं त्याला मर्यादेपेक्षा जास्त आणि ज्याने खरं सांगितलं त्याच्या तोंडावर दार. कापायचे टक्के आपल्या हातात असले तरी जोवर कशातून कापायचे ते समोरचा ठरवतो, तोवर या फॉर्म्युल्याची दोरी एजंटच्याच हातात आहे.

«फार तर नाही म्हणतील» हेही तितकंसं खरं नाही. टोकाच्या पहिल्या ऑफरने समोरचा दुखावतो आणि बोलणी जागच्या जागी मोडतात, हे श्वाइन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. पडत्या बाजूचा माणूस तर जास्तच उठून जातो. म्हणजे ज्या अडलेल्या मालकासाठी हा सल्ला बेतलाय, तोच आधी फोन ठेवणार. घर हा राहत्या माणसाचा मामला आहे. मुलं तिथे वाढलेली असतात. ७५ ऐकल्यानंतर ९५ घेऊन परत गेलात तरी ते ९५ कमी भासतात, कारण तेव्हा बोलणाऱ्याची पत गेलेली असते.

मग किती द्यावे? या उदाहरणात मी ९२ ने सुरुवात करीन, आणि सोबत एक पान जोडीन: तीन विक्री, त्यांतले फरक, दुरुस्तीचा अंदाज. मालकाला आकडा पटला नाही तरी तो आला कुठून हे दिसतं. एजंटलाही मालकापुढे मांडायला काहीतरी मिळतं. ऑफर लेखी द्यावी, ती किती दिवस खुली आहे ते लिहावं, आणि अटी स्पष्ट ठेवाव्यात: कर्जमंजुरी, मालकी हक्काची तपासणी, घराची तांत्रिक पाहणी. ताबा कधी हवा याबाबत तुम्ही लवचीक असाल तर तेही लिहा. दुसरं घर अजून तयार नसलेल्या मालकाला दोन महिने जास्त राहायला मिळणं एखाद्या टक्क्यापेक्षा मोलाचं वाटू शकतं.

कर्जाची एक गोष्ट राहून जाते. बँक बहुधा ठरलेली किंमत आणि तिचं स्वतःचं मूल्यांकन यातलं जे कमी असेल ते धरून कर्ज देते. भर घासाघीशीत चढून ११० ला हो म्हणालात आणि बँकेने ९७ धरले, तर मधले तेरा पूर्ण तुमच्या खिशातून जाणार. किंमत छापलेली नसते तिथे हे जास्त घडतं, कारण वाटेत कुठे फार वर गेलो हे दाखवणारी खूणच नसते.

«मालकाने कितीला घेतलं ते काढा, त्यावर थोडा नफा द्या»

काढा जरूर. पण ते किंमत ठरवायला कामाचं नाही, मालक ओळखायला कामाचं आहे. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराला «थोडा नफा» देऊ करणारा खरेदीदार हास्यास्पद ठरतो, आणि भाव शिखरावर असताना घेतलेल्या घरावर नफा देणारा स्वतः बुडतो. बाजाराला मालकाच्या खरेदीशी देणंघेणं नसतं.

मालकाला मात्र असतं. जेनेसोव्ह आणि मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनच्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना तोट्यात विकावं लागणार होतं ते मालक, अपेक्षित विक्री किंमत आणि मूळ खरेदी किंमत यांतल्या फरकाच्या २५ ते ३५ टक्क्यांइतकी मागणी वाढवून ठेवत होते. त्यांची घरं जास्त काळ पडूनही राहिली. तेव्हा मालकाने १२० ला घेतलंय आणि घर आज ९६ चं आहे असं कळलं, तर १२० कडे चढायचं कारण नाही. या माणसाला आज हो म्हणणं जड जाणार एवढं त्यावरून ओळखायचं. ९२ ची ऑफर लेखी ठेवून निघून यावं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारावं. किंमत न छापायचं कारणही पुष्कळदा हेच असतं: छापायचा आकडा मालकाला स्वतःलाच बघवत नाही.

«एजंटला खरं बजेट सांगा, तोच जुळवून देईल»

जुळवून देईल, तुमच्या बजेटच्या काठाला. विकणाऱ्याचा एजंट त्याच्यासाठी काम करतो आणि दलाली विक्रीच्या किमतीवर मिळते. पण म्हणून तो शेवटचा पैसाही मालकाच्या खिशात पाडतो, असंही नाही. लेविट आणि सिव्हरसन यांच्या २००८ च्या अभ्यासात एजंट स्वतःची घरं विकताना ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवत होते आणि सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबत होते. मालकाचं घर असलं की सौदा लवकर उरकण्यात त्यांचा फायदा. किमतीत थोडी भर पडली तर त्यातला बारीकसा वाटा एजंटला मिळतो, थांबण्याचा सगळा त्रास मात्र त्याचाच असतो.

हे खरेदीदाराच्या पथ्यावर पडू शकतं. एजंटला तुमचं बजेट नको, तुमचा सौदा मोडणार नाही याचा पुरावा हवाय. कर्जाची पूर्वमंजुरी दाखवा, पण शक्य असेल तर ती ऑफरच्या रकमेइतकीच दाखवा. कमाल पात्रतेचा कागद पुढे केलात की बजेट सांगितल्यासारखंच झालं. आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा: कोणत्या आकड्याखालची ऑफर मालकांकडे नेण्यात अर्थ नाही? «अपेक्षा काय» याचं उत्तर फुगवून येतं. या प्रश्नाचं उत्तर फुगवण्यात एजंटचाच तोटा, कारण चालण्यासारखी ऑफर दारातूनच परत जाईल.

«बंद लिफाफ्यात विषम आकडा टाका»

विषम आकड्याने बरोबरी सुटते, तेवढं मान्य. नेमका आकडा दिला की देणाऱ्याने अभ्यास केलाय असं वाटतं, हेही २०१३ च्या प्रयोगांत दिसलंय. मात्र फारच बारीक आकडा जाणकाराला खटकतो, असंही नंतर आढळलं. पण लिफाफ्याचा खरा प्रश्न शेवटच्या अंकांचा नाही.

१९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतल्या तिघा अभियंत्यांनी लिहिलं की मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या बंद बोलींत जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी मिळत होतं. सगळे जण एकाच वस्तूचा अंदाज करतात, कोणाचा कमी येतो, कोणाचा जास्त, आणि बोली जिंकतो तो सगळ्यात वरचा अंदाज करून चुकलेला. बोली लावणारे जितके जास्त, तितकी ही चूक मोठी. एजंट म्हणतो, «आठ जणांनी कागद नेलेत,» आणि खरेदीदार आकडा वाढवतो. घराच्या किमतीचा अंदाजच मुळात डळमळीत असेल तर आठ जण हे हात आखडण्याचं कारण आहे.

आपल्या उदाहरणात मर्यादा ९९ आहे. लिफाफ्यात पूर्ण ९९ घातले आणि जिंकलात, तर दुसरा ९३ वर होता की ९८ वर हे तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून मर्यादेच्या थोडं आत राहायचं, समजा ९७.३, आणि अटी जितक्या स्वच्छ ठेवता येतील तितक्या ठेवायच्या. एजंट नंतर फोन करून «थोडं वाढवता का» म्हणाला, तर सगळ्यांना तीच संधी, त्याच मुदतीत आणि लेखी मिळतेय का ते विचारा. मिळत असेल तर ९९ पर्यंत जा.

कळलं की घर १०२ ला गेलं, तर तो आकडा आपल्या पानावर उतरवून घ्या: ९६, १००, १०८, आता १०२. पुढच्या घरासाठी चौथी विक्री मिळाली, आणि हे घर तर तुम्ही आतून, पाइपांसकट बघितलेलं आहे.